दाराला कडी असलेलं यंत्र

"आत्या, मी कोणती सिस्टीम घेऊ?" भाचीनं परवा फोनवर विचारलं. तिला नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदारानं तिला तीन नावं सांगितली, तिन्हींचे गुण सांगितले, आणि आता ती माझं मत मागत होती, कारण आमच्या घरात कंप्युटरला सगळ्यात आधी हात लावला तो मी. मी पटकन लिनक्स म्हणून टाकलं. "का?" तिनं विचारलं. का, ते मला फोनवर सांगता येईना. सुरक्षित असते, फुकट असते, असलं काहीतरी बोलले. खरं कारण तिच्या जन्माच्या आधीचं आहे, आणि ते एका छाटणीच्या हंगामातलं आहे.

योगायोग असा, की त्याच सकाळी मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला जाऊन आले होते. ऑक्टोबरचं ऊन, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांची छाटणी चाललेली. कात्रीचा आवाज लांबून येतो तेव्हा एकच वाटतो, जवळ गेलं की कळतं, वीस-पंचवीस कात्र्या आहेत. छाटलेली बाग बघवत नाही. पानं गेलेली, तारांवर नुसत्या काड्या, खाली कापलेल्याचा ढीग. ज्याला शेतीतलं कळत नाही त्याला वाटेल, या बागेचं काही खरं नाही. आणि चार महिन्यांनी त्याच तारांवर घड लोंबतात. हे सगळं पाठ असूनही मला दर वर्षी त्या उघड्या बागांकडे बघून गलबलतं, आणि त्याचा द्राक्षांशी काही संबंध नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी पिंपळगावला बागाईतदारांच्या एका सहकारी संस्थेत नोकरी करत होते. नाशिकहून सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. बी.कॉम. झालेली आमच्या घरातली मी पहिली, आणि त्यावर कंप्युटरचा कोर्स केलेला, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. त्या वर्षी संस्थेनं कंप्युटर घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष होते अण्णा. स्वतः बागाईतदार, सातवी पास, आणि व्यवहाराला पक्के. त्यांनी बैल घ्यावा तसा कंप्युटर घ्यायचा ठरवला, म्हणजे आधी जुंपून बघायचा. दोन कंपन्यांची दोन यंत्रं महिन्याभरासाठी आणून ठेवली. "दिवाळीपस्तोर दोन्ही चालवा. जे आपल्याला मानवंल ते ठिवू, दुसरं माघारी," असा हुकूम निघाला.

एक यंत्र होतं डॉस नावाच्या सिस्टीमवर चालणारं. एक पडदा, एक कळफलक, एक माणूस. दुसरं होतं युनिक्सवालं, आजच्या लिनक्सच्या घराण्यातलं. एका मोठ्या पेटीला तीन पडदे जोडलेले, तिघांनी एकाच वेळी काम करायचं. दोन्हींसाठी गोदामाशेजारची खोली रिकामी केली, खिडक्यांना पडदे लावले, एसी बसवला. दाराबाहेर चपला काढायच्या. देवघराला नसेल एवढं सोवळं त्या खोलीला होतं. बाहेर औषधाचा वास, घामाचा वास, हरसूलकडून छाटणीला आलेल्या टोळीतल्या बायका डोक्यावर काड्यांचे भारे घेऊन चुलीसाठी नेताना दिसायच्या. आणि आत थंडगार शांतता, अनवाणी पायांना लागणारी गार फरशी. मला त्या दोन जगांच्या मधल्या उंबऱ्यावर उभं राहायला फार आवडायचं.

हिशेबाचे मुख्य होते जोगकाका. निवृत्तीला आलेले, काटक, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. मला ते 'पगारे बाई' म्हणत आणि अहोजाहो करत. माझ्याच वयाची त्यांची मुलगी होती, तरीही. त्यांना डॉस आवडलं, आणि का, ते त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. पूर्वी ते एका गिरणीत होते. एका सकाळी कामावर गेले तर फाटकाला टाळं. "सगळं आत. इतक्या वर्षांचं काम आत, माझी खुर्ची आत, चष्म्याचं घर आत. आदल्या दिवशी विसरलेला जेवणाचा डबासुद्धा आत राहिला हो. कुणी द्यायला आलं नाही." मग त्यांनी खिशातून फ्लॉपी काढून दाखवली. पातळ, काळी, चौकोनी. "हे बघा. संध्याकाळी काढली, खिशात घातली, घरी गेलो. माझं काम माझ्याबरोबर. तुमचं ते युनिक्स म्हणजे परत गिरणीच. सगळं त्या पेटीत, आणि पेटी दुसऱ्याची."

त्यांचं खरंच होतं.

पण मला युनिक्स आवडलं होतं, आणि पहिल्याच दिवशी. डॉसचं यंत्र चालू केलं की काळ्या पडद्यावर एक अक्षर यायचं आणि त्यापुढे एक बारीक रेघ लुकलुकत राहायची. तुम्ही कोण, काय, काही विचारपूस नाही. कुणीही यावं, बसावं, काहीही उघडावं. युनिक्स आधी नाव विचारायचं. नाव सांगितलं की पासवर्ड. आणि पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटायचं नाही. बोटं चालतायत आणि पडदा कोरा. शेजारी बसलेल्यानं टक लावून बघितलं तरी त्याला काही दिसू नये, अशी यंत्रानं घेतलेली काळजी. मग तुम्ही आत. आत म्हणजे तुमच्या स्वतःच्या जागेत. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मला शिकवलं, की प्रत्येक फाइलवर आपण ठरवू शकतो, ही मी वाचायची, माझ्या गटानं वाचायची की सगळ्यांनी वाचायची. तो सहज बोलून गेला. मी मात्र बराच वेळ तो हुकूम परत परत चालवून बघत बसले. दार लावते आहे, उघडते आहे, परत लावते आहे.

आमचं घर तेव्हा एका खोलीचं होतं. आई, मी, दोघे भाऊ, वहिनी आणि तिचं तान्हं बाळ. वडील गेलेले. मोठी जागा भाड्यानं बघायला म्हणून मी आणि धाकटा भाऊ नाशिकच्याच इंदिरानगरला हिंडायचो. तिथं नवी घरं होत होती. घरमालक हसून दार उघडायचे, खोली दाखवायचे, नळ सोडून पाणी दाखवायचे. मग विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" आणि मग त्यांना आठवायचं, की जागा कालच कुणाला तरी बोलून ठेवली आहे. आज मी त्याच इंदिरानगरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते आणि भाजीवाल्याशी भांडते, ते सोडा. पण त्या वर्षी मला स्वतःची म्हणून जी पहिली जागा मिळाली ती त्या पेटीत होती. तिनं नाव विचारलं होतं, पण ते आत घेण्यासाठी. माणसाच्या आवडीनिवडी अशाच ठरत असाव्यात. लोक वेग सांगतात, किंमत सांगतात, आणि खरं कारण कुठल्या तरी बंद फाटकापाशी नाहीतर न मिळालेल्या खोलीपाशी उभं असतं.

त्या जागेत मी काय ठेवलं? आईचं बोलणं.

आई निफाडकडची. लहानपणापासून दुसऱ्याच्या शेतात राबलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण बोलायला बसली की ऐकत राहावं. भाकरी थापता थापता ती असं काही बोलून जायची, की मला वाटायचं हे कुठंतरी राहायला हवं. घरात लिहायला बसावं तर कोपरा नव्हता. मग दुपारच्या सुट्टीत, बाकीचे डबे खाऊन पान खायला गेले की मी पडद्यापुढे बसायची आणि आदल्या दिवशी ऐकलेलं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची. आईला सांगितलं तेव्हा ती आधी लाजली, मग घाबरली.

"माजं बोलनं त्या पेटीत? आन् कुनी वाचलं म्हंजी?"

"कुणी नाही वाचणार. कडी आहे त्याला. मी सोडून कुणाला उघडत नाही."

तिनं थोडा विचार केला. "मंग ऱ्हाऊ दे पेटीत. कागूद भिजतो, उंदीर खातो. कडी हाय ना? मंग ऱ्हाऊ दे."

त्या दिवसापासून संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आज काय टाकलं पेटीत?" आणि ती थोडी जपून, थोडी सजवून बोलायला लागली. मला ते कळायचं आणि हसू यायचं. आपलं बोलणं कुणीतरी जपून ठेवतंय, ही गोष्ट तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती.

खंडेनवमी आली. संस्थेत दर वर्षी तराजू, कात्र्या, फवारणीचे पंप यांची पूजा व्हायची. त्या वर्षी अर्थातच कंप्युटरची. दोन्ही यंत्रांना झेंडूचे हार घातले, पडद्यांवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. जोगकाकांनी आपल्या फ्लॉप्या काढून पाटावर मांडल्या. एक रोजची, एक तिची नक्कल, दोन्ही शेजारी शेजारी. त्यांचं शस्त्र तेच होतं. अण्णांनी भक्तिभावानं हळदकुंकू घेतलं. फ्लॉपीला मध्ये एक लांबट खाच असते, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. अण्णा म्हणाले, "हितंच तर हिचा जीव दिसतोय," आणि बरोब्बर त्या खाचेत चिमटीभर हळद, चिमटीभर कुंकू आणि वर अक्षता वाहिल्या. दोन्ही फ्लॉप्यांना. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा. एवढा कोर्स केलेली मी, मलाही त्या क्षणी काही खटकलं नाही.

दसरा झाल्यावर जोगकाकांनी फ्लॉपी झटकून यंत्रात घातली. आतून जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला. दुसरी घातली. तोच आवाज. इंजिनिअरनं यंत्र उघडलं तर आत लाल-पिवळी पूड. काकांचं सगळं काम गेलं. ते कुणावर चिडले नाहीत. रुमालानं फ्लॉपीवरचं कुंकू पुसत राहिले, जसं काही पुसून निघालं की काम परत येईल. मग पुढचे दिवस ते वाचायचे आणि मी टाइप करायची, सगळं पहिल्यापासून.

मला वाटलं, आता युनिक्सच राहणार. पण छाटणीच्या दिवसांत विहिरींवरचे पंप एकदम चालू होतात आणि वीज जाते. वीज गेली की डॉसचं यंत्र मुकाट बंद पडायचं आणि आली की मुकाट चालू व्हायचं. युनिक्सला निरोप घेतल्याशिवाय जायची सवय नव्हती. त्याला नीट सांगून, सावरून बंद करावं लागे. अचानक वीज गेली, की परत आल्यावर ते सकाळभर स्वतःलाच तपासत बसायचं आणि तिघं माणसं हातावर हात ठेवून बसायची.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. जोगकाका डॉस म्हणाले. कुंकवाचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, युनिक्स ठेवा. त्यात प्रत्येकाचं वेगळं राहतं."

अण्णा हसले. "अगं पोरी, आपली सहकारी संस्था. सहकारात येगळं काय ठिवायचं?" सगळे हसले. मलाही हसू आलं, उत्तर तसं बिनतोड होतं. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "हे बघ, कुकू आपन टाकलं, चूक आपली. ती सुधारता यील. पन लाइट काय आपल्या हातात हाय का? हे मशीन लय मानी हाय. आपल्याकडं नाय टिकायचं."

युनिक्सचं यंत्र टेम्पोत चढलं. जाण्याआधी इंजिनिअरनं माझी फाइल एका फ्लॉपीवर उतरवून दिली. मी आईला काही सांगितलं नाही. बोलणं तिचं, विश्वास तिचा, आणि कडी गेलेली. पण सांगून तिला परत गप्प करायचं माझ्या जिवावर आलं.

पुढचं जवळजवळ वर्ष आम्ही दोघं एकाच यंत्रावर काम करत होतो, जोगकाका आणि मी. काही महिन्यांनी त्यात हार्ड डिस्क आली आणि सगळ्यांचं सगळं तिच्यावर एकत्र राहू लागलं. माझी फाइलही. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागून ती गेली, तेव्हा आईचं बोलणं राहिलं ते फक्त त्या डिस्कवर, उघड्यावर. नाव वाचून कुणालाही कळलं असतं ते काय आहे, कारण मी नाव 'आई'च ठेवलं होतं.

जोगकाकांनी ती फाइल कधीच उघडली नाही. मला हे ठाऊक आहे. दुपारी मी बसले की ते खोलीत येण्याआधी बाहेर खोकायचे. आत आले तरी खुर्ची खिडकीकडे वळवून बसायचे. एकदा मी विचारलं, "काका, मी काय टाइप करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत?" ते म्हणाले, "पगारे बाई, तुमचं आहे ना? मग झालं." बस्स, एवढंच. यंत्रात भिंत नव्हती, ती त्यांनी स्वतः उभी केली होती. माझ्या आईसारख्या बाईचं बोलणं अशा माणसाच्या शेजारी सुखरूप होतं आणि मी निर्धास्त होत गेले. चांगल्या माणसाच्या सावलीत बसलं की आपण कडी विसरतो. वडील नेहमी म्हणायचे, कुणाच्या दयेवर जगू नका, कायद्यात काय आहे ते बघा. तेव्हा मला ते भाषणातलं वाक्य वाटायचं.

जोगकाका निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवे साहेब आले. तरुण, हसतमुख, सगळ्यांना चहा पाजणारे. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. परत ऑक्टोबर होता, बाहेर कात्र्यांचा आवाज होता. साहेब डिस्कवर जागा करत होते, नको त्या फाइली उडवत होते. मी गोदामातून परत आले तेव्हा पडद्यापुढे चार-पाच जण गोळा झालेले, अण्णासुद्धा, आणि साहेब मोठ्यानं वाचत होते. नाटकात गावंढळ पात्र बोलतं तसा आवाज काढून, हेल काढून, मान हलवत. मला आधी कळलंच नाही काय चाललंय. मग शब्द कानात शिरले.

"मी पयल्यांदा चप्पल घातली, तवा माजे पाय लय लाजले."

खोली हसण्यानं भरून गेली. साहेबांनी ते वाक्य परत म्हटलं, पायांकडे बघत, पाय एकमेकांवर घासत. अण्णाही हसत होते, डोळ्यांतलं पाणी पुसत. मी म्हटलं, "साहेब, ती माझी आई आहे."

हसणं थांबलं. साहेब खरोखर ओशाळले. "सॉरी, मला काय माहीत. पण पगारे, मशीन ऑफिसचं आहे ना? असं पर्सनल ठेवायचं नसतं." यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे गं पोरी. गंमत केली त्यानं."

सगळे पांगले. मी त्या खुर्चीत बसले आणि फाइल पुसण्याचा हुकूम टाइप केला. डॉसनं विचारलंही नाही, खरंच पुसू का म्हणून. रेघ खाली सरकली आणि लुकलुकायला लागली. ते बरोबर केलं की चूक, हा हिशेब मी कधी घातला नाही. त्या बिनकडीच्या घरात आईला आणखी एक रात्रसुद्धा ठेवायचं नव्हतं, एवढंच तेव्हा कळत होतं. पुढच्या वर्षी मी दुसरीकडे नोकरी धरली, जिथं युनिक्स होतं तिथं, आणि आयुष्यभर तशीच जागा शोधत राहिले.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई दारात बसून मेथी निवडत होती. "आज काय टाकलं पेटीत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आज लाइटच नव्हती दिवसभर." "बरं," ती म्हणाली, "उंद्या टाक. म्या आज येक लय भारी आठवून ठिवलंय." आणि ती सांगू लागली. मी भिंतीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत होते. ती काय सांगत होती, ते मी ऐकलं नाही.

त्यानंतर आईचं बोलणं मी परत कुठं टाइप केलं नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या त्या बोलण्यातलं काही आठवतं का, म्हणून मी किती वेळा बसले आहे. एका शेळीचं काहीतरी होतं. नदीला पूर आला तेव्हाचं होतं. माझ्या जन्माच्या वेळचं होतं. काय होतं ते आठवतं, पण तिचे शब्द येत नाहीत. मी माझ्या शब्दांत सांगायला लागते आणि ते कुणाचंही होऊन जातं. अक्षर न् अक्षर शाबूत असं एकच वाक्य माझ्याजवळ आहे, ते पायांचं. आणि ते आठवायला बसलं, की मी आईचा आवाज आणायचा खूप प्रयत्न करते, पण कानात त्या साहेबांचाच आवाज येतो.